पालीच्या पिल्लाला भरवण्याआधी

अलिबाग-मुरुडच्या पट्ट्यात मृगाचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी पडवीतल्या दिव्याभोवती वाळवीची पाखरं जमतात. कुणी दिवा मालवतं, कुणी त्याखाली पाण्याचं घमेलं ठेवतं. भिंतीवरच्या पालींची मात्र दिवाळी असते. त्यांच्यात काडेपेटीतल्या काडीपेक्षा जेमतेम मोठं एखादं पिल्लूही असतं. थोराड पाखरांच्या वाटेला ते जात नाही. एखादं चिलट भिंतीवर टेकलं की ते मान किंचित उचलतं, दोन पावलं सरकतं, पुन्हा थबकतं. चिलट हललं रे हललं की झडप! त्याला आईने भरवलेलं नसतं. अंड्यातून बाहेर पडल्यापासून ते स्वतःच शिकार करतं.

हौशी मंडळींच्या काचेच्या पेटीत आता पालीचा भाऊबंद लेपर्ड गेको दिसू लागला आहे. हा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. आपल्या घरातल्या पालीला पापण्या नसतात, याला असतात; भिंतीवर मात्र याला चढता येत नाही. ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू कौतुकाने घरी येतं आणि दुसऱ्याच दिवशी मालकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते: हे खात का नाही?

बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं. नवी जागा, नवा वास आणि वरून सारखा येणारा माणसाचा हात. अशा वेळी चिमट्यात किडा धरून तोंडाशी नेणारे आणि जबडा उघडून घास कोंबणारे लोक त्याची भीती वाढवतात, नाजूक जबड्याला इजा करतात. त्याला लपायला आडोसा द्यावा, पाणी ठेवावं आणि काही दिवस हात लावू नये. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार दिवस, पोटातल्या बलकावर राहतं. त्या उपासाने घाबरून जायचं कारण नाही. शेपटी बारीक होऊ लागली तर मात्र प्राण्यांचा डॉक्टर गाठावा, कारण त्याची चरबीची शिदोरी शेपटीतच असते.

किडा जिवंत हवा, कारण हालचाल दिसल्याशिवाय पिल्लाची भूक चाळवत नाही. तो पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. लहान रातकिडे चांगले. खायला घालण्याच्या आदल्या दिवशी त्यांना गाजर, पालेभाजी द्यावी आणि पेटीत सोडताना कॅल्शियमची पूड लावावी. ती चुकली की वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. वेळ संध्याकाळची. उरलेले रातकिडे रात्रीच बाहेर काढावेत. भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लालाच कुरतडतात.

बागेतून किडे पकडून आणू, असं कोकणी माणसाच्या मनात पहिल्यांदा येणार. ते करू नये. हापूसच्या कलमांवर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी औषध फवारलं जातं. त्या बागेतला नाकतोडा दिसायला टवटवीत असला तरी त्याच्या अंगावर काय आहे, ते सांगता येत नाही. घरातल्या झुरळांचंही तेच. काजवे तर मुळीच नकोत. अमेरिकेत काजवे खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

आणि ऊब? पेटीची एक बाजू तिशीच्या थोडी वर, म्हणजे ३०-३२ अंश सेल्सिअसपर्यंत लागते, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. ही ऊब विजेवर मिळते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वादळ सोडा, पावसाळ्यात वीज जाणं इथे नवं नाही. त्यात इथली दमट हवा. कोरड्या मुलखातल्या पिल्लाला हा किनारा सोसवणं सोपं नाही, आणि म्हणूनच केवळ हौसेपोटी ते इथे आणू नये असं स्पष्ट म्हणावं लागतं.

कायद्याचं भानही हवं. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी, वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली आहे. आपण घेतोय तो प्राणी त्या यादीत आहे का, हे विकणाऱ्याच्या शब्दावर न सोडता वनखात्याकडे विचारावं. लेपर्ड गेकोचा एक भाऊबंद महाराष्ट्राच्या कोरड्या भागातही राहतो. त्याला रानातून उचलून आणण्याचा विचारही नको.

मूल हट्टच धरून बसलं असेल तर पालकांनी आधी महिनाभर फक्त रातकिडे पाळून बघावेत. डब्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, रोज ताजी भाजी, रोजची सफाई आणि रात्रभर किर्रर्र. महिन्याच्या शेवटी ते रातकिडे जिवंत असले आणि घरच्यांची तक्रार नसली, तरच पिल्लाचा विचार करा. नाहीतर मृगाच्या पहिल्या पावसात मुलाला पडवीत बसवा आणि दिव्याजवळची भिंत दाखवा.