छडी गेली, हातात काय आलं?

जून उजाडतो, शाळा भरतात आणि पहिल्या पंधरवड्यातच कुठल्या ना कुठल्या स्टाफरूममध्ये एक वाक्य ऐकू येतं. 'नव्या मॅडमला काही वर्ग आवरत नाही बुवा!' म्हणणारा सहज म्हणून जातो, चहाचा कप खाली ठेवतो आणि आपल्या तासाला निघतो. जिच्याबद्दल म्हटलं ती मात्र ते वाक्य घरी घेऊन जाते. भाकरी थापताना तेच, रात्री डोळे मिटल्यावरही तेच. बी.एड.ला फर्स्ट क्लास, टीईटी पास, अभियोग्यता चाचणीत चांगले मार्क, आणि सातवी 'ब'ची चाळीस लेकरं आपल्याला सलग दहा मिनिटं बोलू देत नाहीत!

मैत्रिणींनो, अशी एखादी लेक, सून नाहीतर भाची आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरात आहे. डी.एड., बी.एड. म्हणजे आपल्या मराठवाड्यात मुलीसाठी 'चांगलं' शिक्षण. माहेरच्यांनाही पसंत, सासरच्यांनाही. म्हणून हा प्रश्न मला फक्त शाळेचा वाटत नाही. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीला आपण एका खोलीत चाळीस-पन्नास मुलांसमोर एकटीला उभं करतो आणि मग तिला आवरतंय का नाही ते दाराबाहेरून बघत बसतो. तिची तयारी कुणी करून घेतली होती का, हे विचारायचं राहूनच जातं.

तयारी होते, नाही असं नाही. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. दुसऱ्या वर्षात सोळा आठवडे शाळेत आंतरवासिता करावी लागते. त्याआधी सूक्ष्मपाठ. 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत सुरू झाली. एका वेळी एकच कौशल्य, पाच-सात मिनिटं, समोर मोजकी मुलं. आपल्याकडे ती आली आणि समोरच्या मुलांच्या जागी आपल्याच वर्गमैत्रिणी बसल्या! 'समजा, या सातवीच्या मुली आहेत.' आता या मैत्रिणी कागदाचं विमान उडवत नाहीत, पुढचीची वेणी बाकाला बांधत नाहीत, मधेच 'मॅडम, पाणी प्यायला जाऊ?' म्हणत नाहीत. प्रश्न विचारला की शहाण्यासारखी उत्तरं देतात, कारण पुढचा नंबर त्यांचाच असतो.

मग खऱ्या शाळेतले सराव पाठ. तिथे शेवटच्या बाकावर मार्गदर्शक प्राध्यापक निरीक्षणाचा कागद घेऊन बसलेले, दारात वर्गशिक्षक उभे. मुलांना बरोब्बर कळतं, आज 'कॉलेजचे सर' आलेत. वर्ग चिडीचूप. पाठ छान होतो, तक्ते छान दिसतात, गुण छान मिळतात. पण ती शांतता त्या मुलीची नसते. ती मागच्या बाकावरून आणि दारातून उसनी आणलेली असते. नोकरी लागते, मागचा बाक रिकामा होतो आणि ही पहिल्यांदाच वर्गात खरोखर एकटी उभी राहते.

परीक्षांचं काय सांगावं! टीईटीच्या दीडशे गुणांपैकी तीस गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला. चार पर्याय, एक बरोबर. सातवी 'ब'मध्ये दोन पोरं एकमेकांच्या गचांड्या धरतात तेव्हा चार पर्याय छापून येत नाहीत, आणि विचार करायला मिळतात तीन-चार सेकंद.

त्या तीन-चार सेकंदांत हात उठतो. तो दुष्टपणानं उठतो असं मला वाटत नाही, बहुतेक वेळा भीतीनं उठतो. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आणि 1 एप्रिल 2010 पासून कायदा लागू झाला. आज चोवीस वर्षांची असलेली शिक्षिका तेव्हा दुसरी-तिसरीत होती. तरी विचारून बघा, पट्टी बसल्याची, अंगठे धरून उभं राहिल्याची आठवण तिलाही असते. म्हणजे कायदा वर्गाच्या दारापर्यंत आला, आत यायला त्याला उशीरच झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत शाळेत उशिरा आलेल्या सहावीतल्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला; त्यानंतर काही दिवसांतच ती दगावली. शिक्षा आणि मृत्यूचा संबंध काय ते न्यायालय ठरवील. पण उशिराला उठाबशा हे समीकरण आपल्याला अजून ओळखीचं वाटतं ना? ते वाटू नये.

'तुम्हाला लिहायला काय जातंय?' असं एक अनुभवी बाई मला म्हणाल्या. 'मारायचं नाही, रागवायचं नाही, वर्गाबाहेर काढायचं नाही. मग करायचं काय?' त्यांच्या वैतागात तथ्य आहे. छडी काढून घेतली ते योग्यच झालं, त्यावर माझी तडजोड नाही. पण रिकाम्या झालेल्या हातात दुसरं काय द्यायचं, याचा विचार फार थोड्यांनी केला. परिपत्रकं आली. 'काय करू नका' याची यादी आली. काय करायचं ते शिकवायला कुणी वर्गात येऊन उभं राहिलं नाही.

आणि ते शिकवता येतं. जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्गांचं चित्रीकरण करून बारकाईनं अभ्यास केला. 1970 मध्ये त्याचं पुस्तक आलं. दंगा झाल्यावर चांगले शिक्षक नेमकं काय करतात, हे त्याला शोधायचं होतं. गंमत म्हणजे तिथे फारसा फरक सापडलाच नाही! शांत वर्गातले शिक्षक आणि गोंधळी वर्गातले शिक्षक रागावायचे साधारण सारखेच. फरक होता तो दंगा होण्याआधीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाचं चारी कोपऱ्यांत लक्ष आहे, हे मुलांना जाणवायचं. आपल्याकडे म्हणतात ना, बाईंच्या पाठीला डोळे आहेत, तेच! एका मुलाची वही बघता बघता खिडकीजवळच्याला नुसत्या नजरेनं जागेवर बसवणं. एका कामातून दुसऱ्या कामात मुलांना रेंगाळू न देता नेणं.

आपल्या वर्गात दंगा कधी होतो ते आठवा. बाई पाठ फिरवून दहा मिनिटं फळा भरत असतात तेव्हा. पन्नास वह्या टेबलाजवळ रांगेनं तपासल्या जातात आणि उरलेल्या एकोणपन्नास जणांना काही काम नसतं तेव्हा. तास सुरू झाल्यावर खडू शोधायला कुणाला तरी पिटाळलं जातं तेव्हा. यात मुलांचा वांडपणा किती आणि आपलं नियोजन किती?

एका जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या ज्येष्ठ मॅडमनी त्यांची रीत सांगितली, ती मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा मोलाची वाटली. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी त्या हजेरीपट घरी नेतात आणि नावं पाठ करतात. चेहरे ठाऊक नसतात, पण नावं ओठांवर असतात. दोन दिवसांत नाव आणि चेहरा जुळतो. 'ए, निळ्या दप्तरवाल्या!' आणि नावानं मारलेली हाक यात जमीन-अस्मानाचा फरक, असं त्या म्हणतात. 'एकसाथ नमस्ते' झालं की मुलांनी बसल्या बसल्या करायचं एक छोटं काम फळ्यावर आधीच लिहिलेलं असतं. आवाज वाढला की त्या आपला आवाज आणखी खाली आणतात आणि चालत चालत त्या बाकापाशी जाऊन उभ्या राहतात. बोलायचं काही नाही, शिकवणं तसंच चालू. फार झालं तर मधल्या सुट्टीत एकट्याला गाठून विचारतात. चारचौघांत कधीच नाही. 'सातवीतल्या पोराला चाळीस जणांसमोर खाली बघायला लावलं की तो वर्षभर वर बघत नाही. नाहीतर मग माझ्याकडेच डोळे वटारून बघतो,' हे त्यांचे शब्द.

मॉनिटरनं फळ्यावर 'दंगा करणाऱ्यांची नावं' लिहायची पद्धत मात्र त्यांनी कधीच बंद केली. त्या नावांचा बाजार होतो! पेपरमिंटच्या दोन गोळ्या दिल्या की नाव पुसलं जातं, हे मुलांनीच त्यांना सांगितलं.

आता आपल्या भागाकडे बघू. पुस्तकात 'वर्तन समस्या' असा एक धडा असतो, पण ही समस्या कुठल्या घरातून निघून वर्गात येते ते त्यात नसतं. वाळूजच्या कारखान्यांच्या आधारानं रांजणगाव, बजाजनगर वाढलं. एका खोलीत घर. बाप तिसरी पाळी करून सकाळी येतो आणि झोपतो, त्यामुळे लेकरांनी घरात आवाज करायचा नाही. ते दाबलेलं सगळं शाळेत येऊन फुटतं. काही लेकरं बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या आई-बापांची. कन्नड, सोयगावकडच्या तांड्यांवरची मुलं घरी गोरमाटी बोलतात. पहिली-दुसरीत मॅडमचं निम्मं बोलणं डोक्यावरून जात असेल, तर ते लेकरू शेजारच्याला चिमटा काढणार नाही तर काय करणार! दिवाळीनंतर ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेलं पोर उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं, तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर पोचलेला असतो. त्याला काही कळत नाही हे लपवायला वर्गाला हसवणं हा एक चांगला उपाय असतो. उशिराचंही तसंच. आपल्या शहरानं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याची वर्षं काढली आहेत. पाण्याच्या दिवशी घरातली मोठी मुलगी शाळेत वेळेवर पोचत नाही, हे कुठल्या आईला सांगायला हवं?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा मुलं शाळेत टिकत नव्हती कारण ती गुरं राखायला जायची. त्यांनी कुरणातच शाळा नेली. कुरणशाळा! तीच मुलं दुसऱ्या कुणी 'दांडीबहाद्दर' म्हणून पटावर लाल शाईनं रंगवली असती. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला ज्यांच्याबरोबर काम केलं, त्या गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक तर मला फार जवळचा वाटतो. मोठ्या उमेदीनं चौथीच्या वर्गात जातो, शांततेचा खेळ घेऊ बघतो आणि पहिल्याच दिवशी वर्ग असा उधळतो की मुलांना सुट्टी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो छडी घेऊन येत नाही, गोष्ट घेऊन येतो. नव्या शिक्षिकेला हे पुस्तक नेमणुकीच्या पत्राबरोबर द्यावं.

पण तिचा पहिला दिवस फसला तर ती सांगणार कुणाला? शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची. 2023 च्या वाढीनंतर ते प्राथमिकला 16 हजार झालं. ही तीन वर्षं समाधानकारक गेली तर पुढे कायम. अशा वेळी 'मला वर्ग जमत नाहीये' असं मुख्याध्यापकांना सांगायचं धाडस कोण करेल? ती गप्प बसते, आवाज चढवते, घसा बसवून घेते, आणि एक दिवस पट्टी उचलते. त्यात ती बाई. सरांनी डोळे वटारले की तो 'दरारा', हिनं आवाज चढवला की 'किंचाळते'. नववीतली मिसरूड फुटलेली पोरं मुद्दाम शेरे मारतात, आणि त्याची तक्रार केली की 'तुम्हीच जरा कडक राहा' असा सल्ला मिळतो.

मला विचाराल तर बी.एड. कॉलेजांनी सोळा आठवड्यांतले काही तास तरी मार्गदर्शकांना वर्गाबाहेर, दारापासून लांब बसवावं. मुलगी एकटी असू द्या. पाठ फसू द्या. मग संध्याकाळी बसून काय झालं ते तिच्याशी मोकळेपणानं बोला, आणि त्या पाठाचे गुण कापू नका. पाठ टाचणाच्या वहीत 'मुलं ऐकत नसतील तर' असा एक रकाना असायला काय हरकत आहे? शाळेत एखाद्या ज्येष्ठ बाईंनी आठवड्यातून एकदा नवीच्या वर्गात मागे बसावं, शेरा लिहायला नाही, बघायला. आणि नवीनं त्यांच्या वर्गात जाऊन बसावं. याला पैसा लागत नाही, वेळापत्रकात एक तास लागतो.

आणि आपण आया! पालक सभेला जाऊन 'मॅडम, लेकरू तुमच्या हवाली केलंय, दोन हाणल्या तरी आमचं काही म्हणणं नाही' असं आपण कौतुकानं म्हणतो. नव्या मुलीला आपण त्या क्षणी सर्वात वाईट परवानगी देत असतो. त्याऐवजी आपलं लेकरू घरी कशानं शांत होतं, कशानं चिडतं, रात्री किती वाजता झोपतं, एवढं सांगितलं तर तिला त्याचा खरा उपयोग होईल.

मुख्याध्यापकांना एकच विचारायचंय. जूनमध्ये वर्गवाटप होतं, तेव्हा शाळेतले जुने लोक शांत तुकड्या आधी वाटून घेतात आणि ज्या तुकडीला कुणी हात लावायला तयार नाही ती नव्या मॅडमच्या वाट्याला येते, असं तुमच्या शाळेत होतं का? या वर्षीचा तो कागद काढून, तिच्या नावापुढे कुठली तुकडी लिहिली आहे ते एकदा बघाल?