तळे जिंकले, काठावरचे लेकरू कोण राखणार?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीतले जुने तलाव, शेताशेतातल्या बोड्या, मधून वाहणारी वैनगंगा आणि पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणामागे पसरलेले पाणी. याच पाण्यावर इथला धान पिकतो, आणि याच पाण्यात पावसाळ्यात आमची लेकरे बुडतात. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते, पंचनामा होतो, आणि गाव म्हणते, "त्याच्या नशिबातच होते." कुणी म्हणते, "तळ्याने बळी घेतला."

आम्ही बुद्धाचे अनुयायी. कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी आम्हाला शिकवले. मग लेकरू बुडाल्यावर तेवढे नशीब कुठून आले? कारण शोधले पाहिजे.

कारण फार दूर नाही. आषाढ-श्रावणात रोवणी लागते. माय सकाळपासून दुसऱ्याच्या बांधीत, गुडघाभर चिखलात वाकलेली. थोरली बहीण शाळेत. आजीला नीट दिसत नाही. अंगणवाडी काही तासांची. दोन वर्षांचे पोर दारातून निघते आणि भरलेल्या बोडीकडे जाते. लहान मूल बुडताना ओरडत नाही. वीतभर पाणीही त्याला पुरते, आणि दोन-चार मिनिटांत सारे संपते. म्हणजे बोडी भरण्याचे दिवस आणि माय घरी नसण्याचे दिवस एकच आहेत. हे नशीब नव्हे, मजुरीचे वेळापत्रक आहे.

आता श्रीमंतांचे पाहा. परदेशात, आणि आता आपल्या शहरांतल्या फार्महाऊसवरही, घरचा जलतरण तलाव असतो. तिथले नियम ठरलेले आहेत. तलावाच्या चारही बाजूंनी स्वतंत्र कुंपण हवे, उंची किमान चार फूट, फाटक आपोआप बंद होणारे, कडी लहानग्याच्या हाती न लागणारी, आणि मूल पाण्याजवळ असताना एक मोठे माणूस फक्त त्याच्यावर लक्ष ठेवून. केवळ अंगणाला कुंपण घालण्यापेक्षा तलावालाच चहूबाजूंनी कुंपण घातले तर मूल बुडण्याचा धोका 83 टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा सांगते. तिथे नशिबाला कुणी विचारत नाही. मग आमच्या पोराच्या वाट्याला नशीब आणि त्यांच्या पोराच्या वाट्याला कुंपण, ही वाटणी कोणी केली?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा, आणि दहापैकी नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. आपल्या देशात 2021 मध्ये 36 हजारांहून अधिक लोक बुडून मेल्याची सरकारी नोंद आहे.

पाण्याचे आणि आमचे नाते साधे नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात जिंकायला 1937 साल उजाडले. ज्यांना विहिरीला शिवण्याची बंदी होती, त्यांच्या पोरांना त्याच विहिरीत पोहायला कोण शिकवणार होते? अमेरिकेतही काळ्यांना गोऱ्यांच्या तलावांत मज्जाव होता. आजही तिथे 10 ते 14 वयाची काळी मुले जलतरण तलावांत गोऱ्या मुलांच्या सातपटीहून अधिक प्रमाणात बुडतात. पाटी निघाली तरी पोहणे आपोआप येत नाही. बंदीची किंमत पुढच्या पिढ्या मोजतात.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ज्याच्या ताब्यात तळे, त्याची जबाबदारी. जिल्हा परिषद असो, ग्रामपंचायत असो वा पाटबंधारे खाते, वस्तीला लागून असलेल्या तळ्याला, बोडीला आणि उघड्या विहिरीला कुंपण वा कठडा घातलाच पाहिजे. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेल्याला काठ निसरडा असल्याने चढता येत नाही. तिथे कुंपण, आणि गाठी मारलेला दोर कायम सोडलेला हवा. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असली तर ती सांभाळायला एक बाई नेमावी, असे लिहिले होते. पण रोवणी खासगी बांधीत होते, तिथे ती तरतूद पोहोचलीच नाही. अंगणवाडीची वेळ निदान रोवणीपुरती तरी वाढवा.

सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होणार नाही. बांगलादेशात खेड्यातल्याच एका बाईकडे एक ते पाच वर्षांची मुले सकाळी नऊ ते दुपारी एक सोपवतात. आया कामात असतात तेवढ्याच या वेळा. त्या बालघरांतल्या मुलांचे बुडणे 80 टक्क्यांहून अधिक घटले. आमच्या वस्तीवस्तीत विहार आहे. रविवारी वंदना होते, बाकी दिवस कुलूप असते. रोवणीचे दोन महिने ते कुलूप काढा. महिला मंडळाने दोन बायांना मानधन द्यावे, पैसे 14 एप्रिलच्या वर्गणीतून बाजूला काढावेत. डीजेचा एक तास कमी वाजला तर बाबासाहेब रागावणार नाहीत.

आणि एवढे प्रत्येकाने शिकून घ्यावे. बुडणाऱ्यामागे आंधळेपणाने उडी घेऊ नये. दोर, बांबू, लुगडे, रिकामा डबा फेकावा. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नये, पोट दाबत बसू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावे आणि 108 ला फोन करावा. सहा-सात वर्षांच्या मुलांना, मुलींनाही, जाणत्या माणसाच्या देखरेखीत पोहायला शिकवावे.

महाडला बाबासाहेबांनी सांगितले होते की आम्ही केवळ पाणी प्यायला आलेलो नाही, माणूस म्हणून आमची बरोबरी सिद्ध करायला आलो आहोत. बोडीच्या काठावरचे दोन वर्षांचे पोरही माणूसच आहे. त्याच्या जिवाची किंमत फार्महाऊसवरच्या पोराएवढी झाली, तरच ती बरोबरी खरी.

जयभीम.