टेम्पीकरांनी ‘नाही’ म्हटलं आणि माझा संघ गेला

मंडळी, आज नगरपरिषद नाही, पाणीपुरवठा नाही, खड्डेही नाहीत. आज आइस हॉकी. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा. गाडी फिरून आपल्याच विषयावर येणार आहे, म्हणजे गावाच्या पैशातून कुणासाठी काय बांधायचं आणि ते कुणाला विचारून.

माझा एक संघ होता. ॲरिझोना कायोटीज. कायोटी म्हणजे तिकडच्या वाळवंटातला कोल्ह्याच्या जातीचा प्राणी. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमधला हा संघ. बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन आणि आत बर्फाच्या मैदानावर स्केट घालून पळणारी माणसं, असा सगळा मामला. आपल्या तालुक्यात बर्फ फक्त मासळीवाल्याकडे आणि गोळेवाल्याकडे, तेव्हा मला हा नाद कसा लागला ते आधी सांगतो.

माझा मावसभाऊ टेम्पीत राहतो. फिनिक्सला लागून असलेलं शहर, वस्ती १ लाख ८० हजारांच्या आसपास. तिथंच स्थायिक झाला, नागरिकत्व घेतलं, मत देतो. २०२२च्या ऑक्टोबरात हा संघ त्याच्या घराजवळच्या विद्यापीठाच्या रिंकवर खेळायला आला. एका सकाळी व्हिडिओ कॉल आला, तर फोनमध्ये नुसता गोंगाट आणि माझा अकरा वर्षांचा पुतण्या मान वर करून कोल्ह्यासारखा ओरडतोय. गोल झाला की तिथं सगळं स्टेडियम असं ओरडतं. मी पण घरी ओरडलो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तेव्हापासून लागलं ते लागलं.

तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले सकाळचे साडेसात. ॲरिझोनात उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ पुढं-मागं करत नाहीत, त्यामुळं घरच्या सामन्यांची वेळ वर्षभर हीच. चहा, पेपरचे गठ्ठे, वार्ताहरांचे फोन आणि मांडीवर मोबाईलमध्ये स्कोअर. सामना जेमतेम अडीच तासांचा, वीस मिनिटांचे तीन भाग, एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. थेट चित्र क्वचितच मिळायचं. आकडे बघायचे, पुतण्याचे व्हॉइस मेसेज ऐकायचे आणि दुपारी जेवताना यूट्यूबवर क्षणचित्रं. ऑक्टोबर ते एप्रिल, ८२ सामने, त्यातले ४१ घरच्या मैदानावर. ८२ दिवस सकाळ खराब किंवा चांगली करायची सोय झाली.

२०२३-२४चा मोसम मी जसा पाळला तसा क्रिकेटचाही कुठला पाळला नसेल. नोव्हेंबरच्या शेवटी या पोरांनी चमत्कार केला. व्हेगास, टॅम्पा बे, कोलोरॅडो, सेंट लुईस, वॉशिंग्टन. २०१८ ते २०२३ या काळात स्टॅन्ली कप जिंकलेले हे पाच संघ, आणि कायोटीजनी पाचही लागोपाठच्या सामन्यांत हरवले. व्हेगासवर २-०, सेंट लुईसवर ४-०, वॉशिंग्टनवर ६-०. गोलकीपर कॉनर इन्ग्राम. हा माणूस मानसिक आजारामुळं खेळ सोडायच्या बेतात होता, उपचार घेऊन परत आला, आणि त्या वर्षी चिकाटीसाठीची मास्टरटन ट्रॉफी त्यालाच मिळाली. त्या आठवड्यात मी चौकातल्या टपरीवर चार माणसांना पकडून आइस हॉकीचे नियम समजावून सांगितले. त्यातला एकजण अजून मला टाळतो.

आणि मग जानेवारीच्या अखेरीपासून सलग चौदा पराभव. चौदा! प्ले-ऑफच्या शर्यतीतला संघ पार तळाला. रोज सकाळी पुतण्याचा मेसेज आणखी छोटा होत गेला. शेवटी नुसता हुंकार. मार्चच्या सुरुवातीला ओटावाला हरवलं तेव्हा त्यानं एवढंच पाठवलं, “काका, फायनली.”

पण मोसमभर सगळ्यांच्या मनात पराभवापेक्षा मोठी भीती होती. संघ राहणार की जाणार?

इथं थोडा हिशोब मांडतो, कारण पत्रकाराला तोच येतो.

हा संघ मुळात कॅनडातल्या विनिपेगचा. १९९६ मध्ये तिथून उचलून फिनिक्सला आणला. (विनिपेगची पोरं तेव्हा अशीच रडली असतील. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.) मग शेजारच्या ग्लेनडेल शहरानं स्टेडियम बांधलं, २००३ला उघडलं. त्यात शहराचे १८ कोटी डॉलर. साधारण सव्वादोन-अडीच लाख वस्तीचं गाव. २००९ मध्ये मालकानं संघ दिवाळखोरीत काढला आणि लीगनं तो स्वतःकडं घेतला. आता संघ जाईल या धास्तीनं ग्लेनडेलच्या कौन्सिलनं काय केलं? संघ गावात राहावा म्हणून लीगला एका वर्षी अडीच कोटी डॉलर दिले. दुसऱ्या वर्षी पुन्हा अडीच कोटी. २०१३ मध्ये नव्या मालकांशी करार केला, स्टेडियम चालवण्यासाठी वर्षाला दीड कोटी, पंधरा वर्षं. दोनच वर्षांत तो करार कौन्सिलनंच मोडला. २०२१च्या डिसेंबरात कराची थकबाकी भरा, नाहीतर स्टेडियमला कुलूप लावतो, अशी शहरावर नोटीस द्यायची वेळ आली. संघानं ती चूक असल्याचं सांगून पैसे भरले. पण त्या मोसमानंतर भाडेकरार वाढवणार नाही, हे ग्लेनडेलनं आधीच जाहीर केलं होतं.

म्हणून संघ टेम्पीत विद्यापीठाच्या रिंकवर आला. ४,६०० माणसांचं स्टेडियम. लीगमधली बाकी स्टेडियमं सतरा-अठरा हजारांची. सुरुवातीच्या सामन्यांना खेळाडूंच्या खोल्याही पुऱ्या झालेल्या नव्हत्या, पडदे लावून सोय केली होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत हॉकी लीगमध्ये आपल्या गॅदरिंगसारखे पडदे! मला तर त्यामुळंच संघ आणखी जवळचा वाटला.

मालकांचा बेत मोठा होता. टेम्पीत विमानतळाजवळ शहराची ४६ एकर जागा, जिथं कचरा टाकला जायचा. तिथं स्टेडियम, हॉटेलं, दुकानं, दोनेक हजार फ्लॅट. सगळा प्रकल्प २१० कोटी डॉलरचा. संघाचं म्हणणं, खर्च आमचा, करदात्याच्या खिशाला हात नाही, उलट कचऱ्याची जागा साफ होईल. विरोधकांचं म्हणणं, मालमत्ता करात इतकी वर्षं सूट देणं म्हणजे पैसे देणंच की. फिनिक्सच्या विमानतळाचाही विरोध, विमानांच्या वाटेखाली लोक राहायला आणू नका म्हणून.

टेम्पीच्या कौन्सिलनं हे गुपचूप मंजूर केलं नाही. लोकांना विचारलं. घरोघरी पोस्टानं मतपत्रिका गेल्या. तीन ठराव, हो किंवा नाही. १६ मे २०२३ला निकाल आला आणि तिन्ही ठराव पडले. शंभरातल्या साधारण छप्पन्न लोकांनी नाही म्हटलं.

त्या छप्पन्नात माझा मावसभाऊ होता.

मला हे आठवड्यानं कळलं. मी फोनवर चिडलोच. म्हटलं, अरे स्वतःच्या पोराच्या संघाविरुद्ध मत दिलंस? तो शांतपणे म्हणाला, “दादा, मी ग्लेनडेलचे सगळे कागद वाचले. तूच शिकवलंस ना, आधी कागद वाचायचे.” मग जरा थांबून म्हणाला, “त्याला अजून सांगितलं नाहीये.” पुढं सांगितलं. पोरगा काही आठवडे बापाशी धड बोलला नाही. मला मात्र रोज मेसेज. मी मध्ये अडकलो.

खरं सांगायचं तर मी फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडलो. वीस वर्षं मी सभागृहाच्या मागच्या बाकावर बसून बातम्या देतोय. विषयपत्रिकेवरचा विषय क्रमांक अमुक वाचला जातो, कुणीतरी “मंजूर, मंजूर” म्हणतं, आणि कोटभर रुपये गेले हे दुसऱ्या दिवशी माझ्या बातमीतून गावाला कळतं. क्रीडा संकुलांचं तर बोलायलाच नको. नाव घेत नाही, पण तुम्हाला माहीत आहे कुठल्या प्रेक्षागॅलरीखाली सिमेंटची पोती भिजून दगड झाली आणि कुठल्या ट्रॅकवर लग्नाचा मांडव पडतो. तेव्हा मी लिहिलं होतं, “लोकांना विचारलं होतं का?” आणि इथं लोकांना विचारलं, कागद समोर ठेवले, लोकांनी वाचून उत्तर दिलं, तर मला ते उत्तर आवडत नव्हतं. कारण संघ माझा होता.

चाहत्याचं प्रेम ही मालकांची तारण ठेवायची वस्तू असते, असं आता माझं मत झालंय. ग्लेनडेलनं पाच कोटी डॉलर दिले ते काही हॉकी कळते म्हणून नाही. संघ गेला तर पोरं रडतील आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचे आईबाप मत देणार नाहीत, या धाकानं दिले. मालक बदलले, धाक तोच राहिला. टेम्पीनं पहिल्यांदा म्हटलं, जायचं तर जा. या ‘नाही’मध्ये हॉकीचा द्वेष करणारे होते, विमानतळवाले होते, नुसते कंटाळलेलेही होते. पण माझा भाऊ ४१ सामन्यांची तिकिटं काढणारा माणूस, आणि तोही होता. मी तिथं असतो तर काय केलं असतं? हिंमत झाली नसती, हो म्हटलं असतं. आणि चुकलो असतो.

या ‘नाही’ची किंमत कुणी मोजली तेही लिहायला हवं, नाहीतर मी पण बातमी अर्धीच दिली असं होईल. मालकानं मोजली नाही. संघ १२० कोटी डॉलरच्या व्यवहारात गेला. किंमत मोजली ती त्या ४,६०० खुर्च्यांवरच्या माणसांनी.

मार्चच्या शेवटी जॉश डोन नावाचा पोरगा पहिल्यांदा कायोटीजकडून उतरला. त्याचा बाप शेन डोन याच संघाचा. विनिपेगपासून संघाबरोबर आलेला, सगळी कारकीर्द, २१ मोसम, एकाच संघात घालवलेला कर्णधार. पोरानं पहिल्याच सामन्यात दोन गोल केले. पुतण्या त्या दिवशी स्टेडियममध्ये होता. त्याचा व्हॉइस मेसेज मी अजून पुसलेला नाही. त्यात शब्द एकही नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बातम्या फुटल्या, संघ युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला चालला. १७ एप्रिलला शेवटचा सामना, एडमंटनविरुद्ध. आपल्याकडे १८ तारखेची सकाळ, बाहेर निवडणुकीची धामधूम, मला एका उमेदवाराच्या पदयात्रेला जायचं होतं. गेलो नाही. कायोटीज ५-२ने जिंकले. सामना संपला तरी कुणी उठेना. भावानं फोन उंच धरला होता. बापलेक दोघंही ओरडत होते, कोल्ह्यासारखे, आणि ओरडता ओरडता भावाचा आवाज फाटला. दुसऱ्याच दिवशी लीगच्या मालकांनी स्थलांतराला मंजुरी दिली. विषय क्रमांक अमुक, मंजूर.

जुन्या मालकाला संघाचं नाव ठेवून पाच वर्षांत नवं स्टेडियम बांधायची मुभा दिली होती. त्यासाठी सरकारी जमिनीचा लिलाव ठरला होता, तो जूनमध्ये रद्द झाला आणि त्यानं नावही सोडून दिलं. बिल मात्र नुसतं गाव बदलून पुढं गेलं. सॉल्ट लेक सिटीनं स्टेडियम आणि आसपासच्या भागासाठी विक्रीकर अर्धा टक्का वाढवला. ९० कोटी डॉलरपर्यंतची तजवीज. तिथं निर्णय कौन्सिलनं घेतला. घरोघरी मतपत्रिका नाही.

पुतण्या आता मोठा झालाय, आवाज फुटलाय. बापाशी बोलतो. मध्यंतरी त्याला विचारलं, युटाचे सामने बघतोस का? म्हणाला, “नाही काका. बाबांना चालेल, पण मला नको.” टी-शर्ट मात्र जुनाच घालतो, दंडाला तटतटलेला.

हिवाळ्यात युटाचं घड्याळ ॲरिझोनाबरोबरच असतं. म्हणजे घरचा सामना आपल्या साडेसातलाच. कर्णधार क्लेटन केलर, आपलाच. संघ आपलाच. जर्सीवर कोल्हा नाही, एवढंच. चहा समोर येतो, मोबाईल मांडीवर असतो, मी स्कोअर उघडतो, पहिला गोल झालेला दिसतो, आणि बंद करून पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन लावतो.