शेजाऱ्याची गोळी, आपले यकृत

रमजानचा चाँद दिसला की घरोघरी गोळ्यांचे वेळापत्रक बदलते. सकाळची गोळी सहेरीला, दुपारची इफ्तारनंतर. राहिलेली कधी दोन एकदम, कधी घेतलीच जात नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या खापरसारख्या गावात त्यात आपुलकीच्या सल्ल्याची भर पडते : ‘मला याच गोळीने आराम पडला, तूही घे.’ सल्ला देणाऱ्याची नियत साफ असते. पण त्याचे यकृत आणि घेणाऱ्याचे यकृत एक नसते.

पोटात गेलेले बहुतेक औषध यकृतात पोहोचते. तेथील विकरे त्याचे विघटन करतात आणि मग ते शरीराबाहेर पडते. या विकरांचा वेग बऱ्याच अंशी आईवडिलांकडून आलेला असतो. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे त्याचे ठळक उदाहरण. काहींच्या रक्तातील हे औषध साधारण दीड तासात निम्मे होते, तर काहींना त्यासाठी तीन-चार तास लागतात. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्रात हा फरक अभ्यासला गेला. हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा हा त्रास मुख्यतः संथ विघटन करणाऱ्यांना होतो आणि ब-६ जीवनसत्त्वाने तो टाळता येतो, हे तेव्हाच दिसून आले. भारतात असे संथ गतीचे लोक निम्म्याहून अधिक आहेत.

एक औषध दुसऱ्याचा वेगही बदलते. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे यकृत जोमाने काम करू लागते. मग मधुमेहाच्या काही गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या लवकर निकामी होतात. म्हणूनच डॉक्टरांना चालू असलेली प्रत्येक गोळी सांगावी लागते. भूक मरणे, मळमळ, डोळे किंवा लघवी पिवळी होणे ही यकृताची हाक आहे. अशा वेळी तरावीह संपण्याची किंवा ईदची वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा. मात्र बरे वाटते म्हणून क्षयाची गोळी मनाने सोडू नये. अर्धवट उपचाराने हा रोग औषधांना दाद देईनासा होतो.

शरीअतने तरी सर्वांना एकाच मापाने कुठे मोजले आहे? आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. बरे होण्याची आशाच नसेल त्याच्यासाठी फिदिया आहे. जो दीन माणसागणिक ताकद पाहून हुकूम देतो, त्याच्या अनुयायांनी औषधात मात्र सगळ्यांना एकच माप लावावे, हे पटणारे नाही. गोळ्यांची वेळ बदलता येईल का, रोजा झेपेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी यावर दोन शब्द सांगितले, तरी अनेक घरांचे भले होईल. सवलत घेणे ही कमजोरी नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, तिची राखण हीसुद्धा इबादतच.