राजीनामा लिहिण्याआधी

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक गृहस्थ तपासणीसाठी आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, सूतगिरणीत अठरा वर्षे नोकरी. तीन महिन्यांपासून खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेले. थुंकी तपासली तेव्हा क्षयरोग निघाला. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, नेमाने घेतली तर रोग बरा होतो, असे मी समजावले. पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी हलेना. शेवटी त्यांच्या पत्नी बोलल्या, "डॉक्टरसाहेब, रोग जाईल हो, पण तोवर घर कसं चालवायचं? यांनी पंधरा दिवसांपूर्वीच राजीनामा दिलाय."

खाडे वाढले होते, मुकादम टाकून बोलू लागला होता. स्वाभिमानी माणसाने आपणहून कागद लिहून दिला. गिरणीत असताना जी वाट सरळ होती, ती त्या एका कागदाने अवघड झाली.

कोणती वाट? १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत ती प्रथम सुरू झाली. या योजनेतला कामगार आजारी पडला आणि त्याची ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम त्याला मिळते. क्षय, कर्करोग, पक्षाघात यांसारखी दीर्घ मुदतीची ३४ दुखणी आहेत. सलग दोन वर्षे नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल, तर अशा दुखण्यात ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत आधार मिळू शकतो. कामावर अपघात झाला किंवा कामामुळेच रोग जडला, तर दर ९० टक्के. कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा विकार अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, हे आपल्या किती कामगारांना ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट भविष्य निर्वाह निधीची. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत, नोकरीत असताना कायमचे आणि पूर्ण अपंगत्व आले तर पेन्शन मिळते. त्यासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट नाही, एका महिन्याची वर्गणीही पुरते. मात्र "नोकरीत असताना" हे शब्द महत्त्वाचे. राजीनामा आधी आणि तपासणी मागाहून, म्हणजे वरातीमागून घोडे.

आपल्याकडे अशी मदत मागणे कमीपणाचे समजतात. "फुकटचं नको" असे म्हणणारी माणसे मला आदरणीय वाटतात. पण हे फुकटचे नाही. २०१९ पासून विम्यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. अठरा वर्षे वर्गणी भरायची आणि गरज पडली की लाजायचे, हा कुठला हिशेब? दुखणे अंगावर काढणारा कामगार घराला वाचवत नाही. तो रोग वाढवतो, आणि क्षयासारखा रोग घरातल्या लेकरांनाही देतो.

दोष एकट्या कामगाराचा मात्र नाही. आम्ही डॉक्टर मंडळी औषध लिहितो, पण रुग्ण काय काम करतो हे विचारायला विसरतो. केसपेपरवर "सूतगिरणीत कामाला" हे दोन शब्द नसतील, तर रोगाचा कामाशी असलेला संबंध पुढे सिद्ध करणे कठीण जाते. कारखानदारांनीही लक्षात घ्यावे, की आजारपणाचा लाभ घेणाऱ्या कामगाराला त्या काळात काढू नये, हे तत्त्व १९४८ च्या कायद्यातच घातले होते. आजारी माणसाला टोचून बोलून राजीनामा द्यायला लावणे ही त्यातून काढलेली पळवाट आहे.

म्हणून वाचकहो, काम झेपेनासे झाले की आधी विमा दवाखाना गाठा. खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी सहसा पुरत नाही, तिथलेच प्रमाणपत्र घ्या. ते पहिल्याच दिवशी घ्या, मागील तारखेचे मागत बसू नका. पगाराच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल, एक्स-रे एका पिशवीत जपून ठेवा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

आणि ज्यांच्याकडे विम्याचे कार्डच नाही, त्या शेतमजुरांनी, हमालांनी, घरकाम करणाऱ्या बायांनी काय करावे? त्यांच्यासाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. गंभीर आजाराने कमावता न येणाऱ्यांनाही ती लागू होते. पण उत्पन्नाची अट कडक आणि रक्कम तुटपुंजी. २०२३ मध्ये ती वाढवून दरमहा १,५०० रुपये झाली. एवढ्यात आजारी माणसाचे दूध आणि अंडी तरी भागतील का? ज्यांच्या अंगमेहनतीवर गाव चालते, त्यांच्याच आजारपणाला सर्वांत कमी आधार असावा, हे मला पटत नाही. ही रक्कम आणि ही अट यांचा फेरविचार व्हायलाच हवा.

ते गृहस्थ सहा महिन्यांत बरे झाले. त्या सहा महिन्यांत पत्नीचे मंगळसूत्र मात्र सोनाराकडे गेले. औषधाने रोग हटला, पण कर्जाची गोळी आमच्याकडे नाही.