डब्यावरील हिरवे चिन्ह

दांडीच्या किनाऱ्यावर पहाटे धावणारा आणि पुढे बोईसरच्या व्यायामशाळेत वजने उचलणारा माझा पुतण्या परवा प्रथिनांच्या पावडरीचा डबा घेऊन आला. “काका, हे आपल्याला चालेल ना?” प्रश्न शक्तीचा नव्हता, आचाराचा होता.

डब्यावर हिरवे चिन्ह होते. पण तेथेच थांबू नये. व्हे म्हणजे बहुधा चीज करताना वेगळे होणारे दुधाचे पाणी. दूध साकळवणारे रेनेट वासराच्या जठरातले की सूक्ष्मजीवांपासूनचे, हे उत्पादकाला लेखी विचारावे. कोलॅजन तर प्राणिजन्यच. वाटाण्याची पावडर निर्दोष वाटते. परंतु कच्च्या दुधा-ताकात कालवली की द्विदल होते, म्हणून ती पाण्यातच घ्यावी.

मग गुणवत्ता. 30 ग्रॅमच्या मापात 24 ग्रॅम प्रथिने म्हणजे 80 टक्के. मात्र ग्लायसिन, टॉरिन वरून मिसळले असेल तर हा आकडा फसवा ठरतो.

आणि गरज? सामान्य प्रौढास दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. 60 किलोला सुमारे 50 ग्रॅम. वजने उचलणाऱ्यास अधिक लागतात, पण 100 ग्रॅम मुगडाळीतही सुमारे 24 ग्रॅम असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला.

पुतण्याने उत्पादकाला पत्र लिहिले आहे. उत्तर येईपर्यंत डबा बंद. सूर्यास्तापूर्वीच्या ताटात मुगाचे वरण आणि घरचे पनीर.