नवा साउंडबार घेण्याआधी

भिंतीवर मोठा टीव्ही, खाली साउंडबार, कोपऱ्यात सबवूफर, सोफ्यामागे दोन छोटे स्पीकर. फिटिंगवाला येऊन गेला, पैसे देऊन झाले, आणि तरी सिनेमातला पाऊस फक्त समोरच पडतो. मागचे स्पीकर गप्प. त्याहून वाईट म्हणजे गाणी दणक्यात वाजतात, पण माणसं बोलायला लागली की घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘काय म्हणाला तो?’ असं विचारावं लागतं. मग घरात चर्चा सुरू होते की संच हलका लागला, जरा महागातला घ्यायला हवा होता. माझी कळकळीची विनंती आहे, एवढ्यात पाकिटाला हात घालू नका. पुष्कळदा संच ठणठणीत असतो. त्याच्यापर्यंत ५.१ आवाज पोचतच नाही, वाटेत कुठेतरी त्याचा साधा स्टिरिओ झालेला असतो. तो कुठे होतो हे शोधायला खर्च नाही, फक्त एक संध्याकाळ द्यावी लागते.

आधी ही वाट समजून घेऊ. ओटीटीवरच्या सिनेमाचा ५.१ आवाज डॉल्बी डिजिटल प्लससारख्या कोडेकमध्ये आवळून बांधलेला येतो. तो कुणीतरी सोडवून सहा वाटांत वाटायचा असतो: समोर डावी-उजवी, मधली, मागे डावी-उजवी, आणि घुमाऱ्यासाठी सबवूफरची. हे काम स्टिक किंवा टीव्ही करू शकतो, नाहीतर साउंडबार किंवा रिसीव्हर. पासथ्रू म्हणजे मधल्या उपकरणांनी पोस्टमनसारखं वागायचं. पाकीट फोडायचं नाही, जसं आलं तसं पुढे द्यायचं. फोडायचं ते ज्याच्याकडे स्पीकर आहेत त्याने. मधल्या एकाने जरी पाकीट फोडलं आणि पुढची वायर अरुंद असली, तर पुढे जातात फक्त दोन वाटा.

अरुंद म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिलं की निम्मा गोंधळ मिटतो. सोडवलेला, म्हणजे पीसीएम स्वरूपातला दोन वाटांचा आवाज सेकंदाला साधारण १५ लाख बिट खातो. सहा वाटांचा तसाच आवाज ४६ लाखांच्या घरात जातो. डॉल्बी डिजिटलमध्ये आवळलेला ५.१ मात्र फार तर ६ लाख ४० हजारांत बसतो. ऑप्टिकल केबल आणि टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टावरचं एआरसी यांना पहिलं आणि तिसरं झेपतं, मधलं झेपत नाही. म्हणून टीव्हीने आवाज सोडवून पीसीएममध्ये पाठवायचं ठरवलं की साउंडबारला स्टिरिओच मिळणार, मग तो आठ हजारांचा असो की ऐंशी हजारांचा. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं. त्याची मोठी बहीण ईएआरसी २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ बरोबर आली, तिला सहा-आठ वाटांचं पीसीएम आणि ब्लू-रेवरचं डॉल्बी ट्रूएचडीसुद्धा झेपतं. पण त्यासाठी टीव्ही आणि साउंडबार दोघांकडेही ईएआरसी हवं. एकाकडे असून भागत नाही.

ब्लूटूथबद्दल तर स्पष्टच सांगतो. टीव्हीकडून साउंडबारकडे ब्लूटूथने जाणारा आवाज स्टिरिओच असतो. हेडफोनच्या भोकातून किंवा लाल-पांढऱ्या पिनांच्या जोडीतून जाणाराही तसाच. आणि इथेच आपल्या बाजारातली मोठी फसगत आहे. खोक्यावर ठळक ‘५.१’ छापलेले कितीतरी स्वस्त संच असे असतात की त्यांत स्पीकर पाच आणि सबवूफर एक असतो, पण डॉल्बी सोडवणारा डिकोडर नसतो. मागच्या बाजूला पाहा. तिथे एचडीएमआय किंवा ऑप्टिकलचं तोंड नसेल, फक्त ऑक्स, यूएसबी आणि ब्लूटूथ असेल, तर तो संच दोन वाटांचाच आवाज सगळ्या स्पीकरांना वाटून देतो. गाण्यांना तो चांगला, लग्नघरात धमाल उडवेल. पण त्याच्याकडून सिनेमाचा खरा ५.१ मिळेल म्हणून सेटिंग धुंडाळत बसू नका. (जुन्या काही संचांत मागे सहा वेगळ्या वायरींची तोंडं असतात, ती डीव्हीडी प्लेयरसाठी. आजच्या टीव्हीला तशी तोंडं सहसा नसतात.)

तुमच्या संचात डिकोडर आहे, वायर एचडीएमआयची आहे, आणि तरी मागचे स्पीकर गप्प? मग कानांवर विसंबू नका. बरेच साउंडबार आणि रिसीव्हर स्टिरिओ आवाजच फुगवून सगळ्या स्पीकरांतून सोडतात, त्यामुळे ‘मागून येतंय की’ म्हणून फसायला होतं. पाहायचं ते उपकरणाच्या तोंडावरच्या अक्षरांकडे. रिमोटवर ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प्ले’ असं बटण असतं, किंवा कंपनीच्या मोबाइल ॲपमध्ये आत येणाऱ्या आवाजाचा प्रकार दिसतो. तिथे ‘डॉल्बी डिजिटल’, ‘डॉल्बी डिजिटल प्लस’, ‘ॲटमॉस’ किंवा ‘मल्टिचॅनल’ आलं तर ५.१ पोचतोय. ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ आलं तर नाही. ‘डॉल्बी सराउंड’ या अक्षरांना मात्र भुलू नका. पुष्कळ रिसीव्हरवर त्याचा अर्थ स्टिरिओ आवाज पसरवून वाजवणं चालू आहे एवढाच असतो.

ओळखीच्या एका घरी हेच झालं होतं. रिसीव्हरवर हिरव्या अक्षरांत ‘पीसीएम’. घरच्यांनी केबल दोनदा बदलली होती, स्टिक विकायला काढली होती. टीव्हीच्या साउंड मेन्यूत, ॲडव्हान्स्डच्या आत ‘डिजिटल साउंड आउट’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे ‘पीसीएम’ निवडलेलं होतं. ते ‘ऑटो’ केलं. क्षणभर सगळं शांत झालं, रिसीव्हरच्या पोटात टक असा रिलेचा आवाज झाला, आणि अक्षरं बदलून ‘डॉल्बी डी प्लस’ झाली. आजोबा खुर्चीतच सावरून बसले, कारण संवाद पहिल्यांदा मधल्या स्पीकरातून, टीव्हीच्या बरोबर खालून आला होता.

म्हणून पहिली तपासणी टीव्हीची करा. आवाज बाहेर कुठून जातो त्या जागी टीव्ही स्पीकर नव्हे, एचडीएमआय एआरसी निवडलेलं हवं. केबल टीव्हीच्या कुठल्याही एचडीएमआयमध्ये चालत नाही. ज्या तोंडाशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ छापलंय तिथेच हवी. साउंडबारच्या बाजूलाही दोन तोंडं असतील तर ‘आउट’ किंवा ‘टीव्ही एआरसी’ लिहिलेलं घ्या. एआरसीला एचडीएमआय सीईसी चालू लागतं. सॅमसंगवर त्याचं नाव एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. मग आवाजाचं स्वरूप: ‘पीसीएम’ असेल तर ‘ऑटो’ करा, तरी जमलं नाही तर ‘पास थ्रू’ करून पाहा. ईएआरसीचा खटका वेगळा असतो आणि काही टीव्हींवर तो बंद असतो, तेही बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे वाक्य मी अगदी हट्टाने सांगतो, कारण चार सेटिंग एकदम बदलली की नेमकं कशाने जमलं किंवा बिघडलं ते कळतच नाही. बदल केला की तोच सिनेमा, तोच प्रसंग लावा आणि अक्षरं बघा. ही उपकरणं एकमेकांना ‘मला काय काय झेपतं’ हे जोडणीच्या वेळी सांगतात, आणि जुनीच माहिती धरून बसतात. त्यामुळे सेटिंग बरोबर करूनही फरक पडला नाही तर सगळ्यांचे प्लग काढा, मिनिटभर थांबा, आधी टीव्ही, मग साउंडबार, मग स्टिक असं चालू करा. अनेकदा एवढ्याने काम होतं.

दुसरी तपासणी स्टिकची किंवा बॉक्सची. फायर टीव्हीवर ऑडिओच्या मेन्यूत ‘सराउंड साउंड’ आहे, तिथे ‘बेस्ट अव्हेलेबल’ ठेवा. गूगल टीव्हीवर डिस्प्ले अँड साउंडमध्ये ॲडव्हान्स्ड साउंड सेटिंग्ज, तिथे ‘ऑटोमॅटिक’; आणि टीव्ही जर आपली कुवत चुकीची सांगत असेल तरच ‘मॅन्युअल’ करून डॉल्बीच्या ओळी स्वतः चालू करायच्या. ज्यांच्या साउंडबारला ‘एचडीएमआय इन’ आहे त्यांना माझा सल्ला, स्टिक थेट त्यात लावा. चित्र पुढे टीव्हीला जाईल आणि आवाजाच्या वाटेतून टीव्ही बाजूला होईल. फोर-के किंवा एचडीआर चित्र लागत असेल तर तो साउंडबार ते पुढे पाठवू शकतो का, एवढं मात्र आधी पाहा.

तिसरी गोष्ट ॲपची. नेटफ्लिक्समध्ये सिनेमा लावून भाषेची यादी उघडा. भाषेच्या नावापुढे ‘५.१’ दिसलं तर ॲपला तुमचा संच ओळखता आलाय. ज्या सिनेमाला ५.१ आहे त्यालाही ते दिसत नसेल तर अडचण तुमच्या जोडणीत आहे. ॲटमॉस हवं असेल तर अल्ट्रा एचडीचा प्लॅन लागतो. आणि एक ध्यानात ठेवा, सगळाच माल ५.१ नसतो. जुने मराठी सिनेमे, मालिका, नाटकांची चित्रीकरणं यांना बहुधा स्टिरिओच असतो. तिथे मागचे स्पीकर गप्प राहणं हेच बरोबर. यूट्यूबवर ‘५.१ टेस्ट’ नावाने जे व्हिडिओ सापडतात त्यांच्यावरूनही निकाल लावू नका, त्यातले पुष्कळसे दोनच वाटांचे असतात.

आता ज्यांनी घरच्या डीव्हीडी, ब्लू-रे, समारंभांची चित्रीकरणं हार्ड डिस्कवर साठवली आहेत आणि कोडी, प्लेक्स किंवा जेलीफिनवरून बघतात, त्यांच्यासाठी. तुमच्याकडे घोळ जास्त, कारण प्रत्येक फाइलचा आवाज वेगळा. कोडीमध्ये सिस्टिम, मग ऑडिओ, तिथे ‘अलाऊ पासथ्रू’ चालू करा आणि खाली फक्त तुमच्या संचाला खरोखर झेपणारेच कोडेक चालू ठेवा. झेपत नसलेला ट्रूएचडी चालू केलात तर आवाजच जाईल. कोडीच्याच प्लेयर सेटिंगमध्ये, व्हिडिओखाली ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ चालू असेल तर बंद करा, त्याचं आणि पासथ्रूचं जमत नाही. प्लेक्स आणि जेलीफिनमध्ये सिनेमा चालू असताना सर्व्हरचा डॅशबोर्ड उघडा. ‘डायरेक्ट प्ले’ असेल तर फाइल जशीच्या तशी जातेय. ‘ट्रान्सकोड’ दिसलं तर सर्व्हरने काहीतरी बदललंय. त्यात आवाजाचं नाव असेल तर तुमचा ५.१ तिथेच अडलेला असू शकतो.

दोन कोडेक इथे फार छळतात. पहिला एएसी. फाइलमध्ये एएसी ५.१ असेल तर तो बहुतेक संचांना पासथ्रूने देता येत नाही. प्लेयरला तो सोडवावाच लागतो, आणि मग एआरसीच्या अरुंद वाटेतून दोनच वाटा जातात. कोडीमध्ये यावर चांगला उपाय आहे: चॅनेलची संख्या २.० ठेवली की ‘डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग’चा पर्याय दिसतो, तो चालू केला की एएसीचा ५.१ परत आवळून जातो. संख्या २.० ठेवायला मन धजत नाही, पण पासथ्रूला तिची आडकाठी होत नाही. दुसरा डीटीएस. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींतून डीटीएस काढून टाकलं. एलजीने २०२० मध्ये तेच केलं आणि २०२३ मध्ये काही मॉडेल्सवर ते परत आणलं. अशा टीव्हीतून जाणारी डीटीएसची फाइल गप्प राहिली तर साउंडबारला बोल लावू नका. डिस्कवर डॉल्बीचा दुसरा ट्रॅक असेल तर तो निवडा, नाहीतर प्लेयर थेट साउंडबारला जोडा.

पासथ्रू पहिल्यांदा चालू करताना आवाज अगदी खाली आणून ठेवा. समोरच्या उपकरणाने आवळलेला आवाज साधा समजून वाजवला तर कानठळ्या बसवणारी खरखर येते, आणि त्यात स्पीकरचा पडदा जाऊ शकतो. घरात लहान मूल झोपलेलं असेल तर हे काम दुसऱ्या दिवशी करा. पासथ्रूमध्ये स्टिकचं स्वतःचं व्हॉल्यूम चालत नाही, हेही सांगून ठेवतो. तो बिघाड नव्हे.

सगळं जमल्यावरही संवाद हळू वाटत असतील तर रिसीव्हरमध्ये ‘सेंटर लेव्हल’ दोन-तीन डेसिबल वाढवा, रात्री ‘नाइट मोड’ लावा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मागच्या स्पीकरांतल्या पावसापेक्षा ही सेटिंग मोलाची आहे. संच लावताना घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला समोर बसवा आणि त्यांना शब्द नीट कळेपर्यंत उठू नका. जमलेली सेटिंग वहीच्या कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटवा. सॉफ्टवेअर अपडेटनंतर ती बदललेली सापडू शकतात, आणि तेव्हा मुलगा किंवा नात घरात असेलच असं नाही.

एवढं करून संच खरंच अपुरा ठरला, तर बेलाशक नवा घ्या. पण दुकानात ‘५.१ आहे का’ असं विचारू नका; ‘ईएआरसी आहे का, एचडीएमआय इन आहे का, डॉल्बी डिजिटल प्लस आणि डीटीएस सोडवतो का’ असं विचारा आणि उत्तर माहितीपत्रकात छापलेलं दाखवायला सांगा. दुकानातल्या टीव्हीला जोडून, एखादा ५.१ सिनेमा लावून, साउंडबारवर ‘डॉल्बी’ ही अक्षरं आलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मगच बिल करायला सांगा.